गणितातील उच्चस्तरीय विचारकौशल्यांचे मूल्यमापन आणि गुणदानाची विश्वसनीयता

शाळेच्या स्मरणिकेत आठवणी असतात, गुणवंतांचा गौरव असतो, निकालांचे तक्ते असतात. त्या तक्त्यांतील आकडा कसा तयार होतो, याविषयी मात्र सहसा कोणी लिहीत नाही. विद्यार्थी उत्तर लिहितो, शिक्षक ते वाचतात आणि समासात एक अंक लिहितात. पुढे तो अंक बेरजेत मिळतो, टक्केवारीत जातो आणि गुणपत्रकावर उमटतो. प्रस्तुत लेखात आम्ही यांतील मधल्या पायरीचा, म्हणजे उत्तर वाचून अंक लिहिण्याच्या क्रियेचा, विचार करणार आहोत. तोही गणितातील अशा प्रश्नांच्या संदर्भात, ज्यांच्या उत्तरावर नुसती बरोबर किंवा चूक अशी खूण करून भागत नाही.

विषय तांत्रिक वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याचा संबंध थेट मुलांच्या भवितव्याशी आहे. ज्या घरातील पहिलीच पिढी शाळेत आली, त्या घरात गणिताची उत्तरपत्रिका पुन्हा उघडून पाहणारे कोणी नसते. शाळेने दिलेला अंक हाच तेथे अखेरचा शब्द ठरतो. 'याला गणित जमत नाही' हा निष्कर्ष त्या अंकावरून निघतो आणि दहावीनंतर विज्ञान शाखेकडे जावे, तंत्रनिकेतनात जावे की गणितापासून दूर राहावे, याचा निर्णय त्या निष्कर्षावर होतो. म्हणून तो अंक कोणत्या शिक्षकाने, कोणत्या दिवशी, कितव्या क्रमांकाची उत्तरपत्रिका म्हणून तपासली यावर अवलंबून असता कामा नये. मूल्यमापनशास्त्रात या गुणाला गुणदानाची विश्वसनीयता असे म्हणतात.

उच्चस्तरीय विचार म्हणजे काय?

बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. २००१ साली लॉरिन अँडरसन आणि डेव्हिड क्रॅथवोल यांच्या संपादनाखाली त्याची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि निर्मिती अशा सहा पायऱ्या मानल्या आहेत. सामान्यतः शेवटच्या तीन पायऱ्यांना उच्चस्तरीय विचारकौशल्ये म्हटले जाते. गणितात त्यांचा अर्थ असा होतो : दिलेल्या माहितीतून नाते शोधणे, एखादे विधान सर्वत्र खरे आहे की काही ठिकाणीच, हे पारखणे, आणि आधी न शिकवलेली रीत स्वतः उभी करणे. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात उदाहरण सोडवण्याचे चार टप्पे सांगितले : प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती अमलात आणणे आणि शेवटी मागे वळून आपले उत्तर तपासणे. आपल्या वर्गांत तिसऱ्या टप्प्याला पुष्कळ वेळ मिळतो. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्यांची परीक्षा क्वचितच होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये परीक्षांचा भर पाठांतरावरून विश्लेषण, चिकित्सक विचार आणि संकल्पनांची स्पष्टता यांकडे वळावा, असे म्हटले आहे. हा बदल स्वागतार्ह आहे. त्याबरोबर एक अवघड जबाबदारी मात्र शिक्षकांवर येते. 'सूत्र लिहा' या प्रश्नाचे उत्तर दहा शिक्षकांनी तपासले तरी गुण एकच येतात. 'कारण लिहा' या प्रश्नाचे तसे नसते.

एक प्रश्न आणि चार उत्तरे

एक साधे उदाहरण घेऊ. इयत्ता आठवीच्या वर्गाला चार गुणांसाठी असा प्रश्न दिला, असे समजा : 'सलग तीन नैसर्गिक संख्यांची बेरीज ३ ने नेहमी निःशेष भागली जाते का? कारण लिहा. सलग चार संख्यांची बेरीज ४ ने नेहमी निःशेष भागली जाते का? कारण लिहा.' या प्रश्नाला साधारणपणे पुढील चार प्रकारची उत्तरे येऊ शकतात.

पहिला विद्यार्थी लिहितो : १ + २ + ३ = ६, ४ + ५ + ६ = १५, १० + ११ + १२ = ३३. या सर्व बेरजा ३ ने भागल्या जातात, म्हणून नेहमी भागली जाते. पुढे, १ + २ + ३ + ४ = १०; याला ४ ने भाग जात नाही, म्हणून नेहमी भागली जात नाही.

दुसरी विद्यार्थिनी मधली संख्या क मानते आणि (क − १) + क + (क + १) = ३क असे मांडते. चार संख्यांसाठी ती क + (क + १) + (क + २) + (क + ३) = ४क + ६ असे लिहून ६ ला ४ ने भाग जात नाही, हे दाखवते.

तिसरा विद्यार्थी बीजगणित वापरतच नाही. तो लिहितो : 'मोठ्या आकड्यातला एक काढून लहान आकड्याला दिला की तिन्ही आकडे सारखे होतात, मधल्याएवढे. म्हणून बेरीज मधल्याच्या तिप्पट. चार आकड्यांत मधला आकडाच नाही, म्हणून तसे होत नाही.'

चौथी विद्यार्थिनी क + (क + १) + (क + २) अशी योग्य मांडणी करते, पण बेरीज ३क + २ अशी लिहिते आणि ३ ने भाग जात नाही, असा निष्कर्ष काढते. चार संख्यांचे उत्तर ती ४क + ६ असे बरोबर देते.

वाचकांनी क्षणभर थांबून या चौघांना चारपैकी किती गुण द्यावेत, हे स्वतः ठरवून पाहावे. दुसऱ्या विद्यार्थिनीविषयी फारसा मतभेद होणार नाही. उरलेल्या तिघांविषयी मात्र होईल. तिसऱ्या विद्यार्थ्याने 'रीत लिहिली नाही' म्हणून एखादे शिक्षक त्याला एक गुण देतील. दुसऱ्या शिक्षकांच्या लक्षात येईल की, त्याचे पहिले कारण ही संपूर्ण सिद्धता आहे, कारण ते कोणत्याही तीन सलग संख्यांना लागू पडते; ते त्याला तीन किंवा चार गुण देतील. पहिल्या विद्यार्थ्याच्या उत्तरात तर अधिक सूक्ष्म बाब दडलेली आहे. 'नेहमी भागली जाते' हे तीन उदाहरणांनी सिद्ध होत नाही. हजार उदाहरणांनीही होत नाही. 'नेहमी भागली जात नाही' यासाठी मात्र एकच प्रतिउदाहरण पुरेसे असते. म्हणजे एकाच प्रकारे लिहिलेल्या उत्तराचा पहिला भाग अपुरा आणि दुसरा भाग निर्दोष आहे. हा भेद तपासणाऱ्याच्या मनात स्पष्ट नसेल, तर तो दोन्ही भागांना सारखेच गुण देईल, किंवा दोन्हींचे सारखेच कापील.

शंभर वर्षांहून जुना प्रश्न

गुणदानातील या फरकाची जाणीव नवी नाही. इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस एजवर्थ यांनी १८८८ साली परीक्षांच्या संख्याशास्त्रावर निबंध लिहून, परीक्षकाने दिलेल्या गुणांत योगायोगाचा अंश किती असतो, याचा विचार मांडला होता. पुढे अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१२ साली इंग्रजीच्या उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडून तपासून घेतल्या आणि गुणांत मोठी तफावत दाखवून दिली. भाषेच्या विषयात असे व्हायचेच, गणितात होणार नाही, असा आक्षेप त्यावर घेता येण्याजोगा होता. म्हणून १९१३ साली त्यांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक गणितशिक्षकांकडून तपासून घेतली. शंभरपैकी तिला मिळालेले गुण तीसच्या आतपासून नव्वदच्या वरपर्यंत पसरलेले आढळले. गणित हा विषय काटेकोर असल्यामुळे त्यातील गुणही आपोआप काटेकोर असतात, हा समज तेव्हाच निराधार ठरला. एखादी पायरी वगळली तर किती कापायचे, आकडेमोडीच्या चुकीला काय वजन द्यायचे, आकृतीला किती महत्त्व द्यायचे, याचा प्रत्येक शिक्षकाचा हिशोब वेगळा होता.

फरक कोठून येतो?

या तफावतीची कारणे स्थूलमानाने चार आहेत.

पहिले कारण म्हणजे निकषांची संदिग्धता. गुण कशासाठी द्यायचे, हे आधी ठरले नसेल, तर प्रत्येक जण आपल्या मनातील निकष लावतो. कोणी योग्य उत्तराला गुण देतो, कोणी रीतीला, कोणी मांडणीला.

दुसरे कारण म्हणजे तपासण्याचा क्रम आणि थकवा. एका उत्कृष्ट उत्तरपत्रिकेनंतर हाती आलेली मध्यम उत्तरपत्रिका आहे त्याहून कमी प्रतीची वाटते. सुमार उत्तरपत्रिकेनंतर आलेली तीच चांगली वाटते. सकाळी तपासलेल्या पहिल्या गठ्ठ्याचे आणि रात्री उशिरा तपासलेल्या शेवटच्या गठ्ठ्याचे मानदंड एकच राहिले असतील, याची खात्री देता येत नाही. म्हणून दोन शिक्षकांतील एकमताइतकेच एका शिक्षकाचे स्वतःशी असलेले सातत्यही महत्त्वाचे आहे.

तिसरे कारण म्हणजे विद्यार्थ्याविषयी आधीच असलेले मत. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० साली दाखवून दिले की, एखाद्या व्यक्तीविषयीचे एकंदर चांगले किंवा वाईट मत तिच्या प्रत्येक स्वतंत्र गुणाच्या मापनावर आपली छाया टाकते. निवासी शाळेत हा धोका अधिक असतो. येथे शिक्षक मुलांना केवळ वर्गात पाहत नाहीत. पहाटे कोण वेळेवर उठतो, भोजनगृहात कोण रांग मोडतो, सायंकाळच्या अभ्यासिकेत कोण डुलक्या घेतो, हे सारे त्यांना ठाऊक असते. हा सहवास निवासी शिक्षणाचे मोठे बळ आहे. परंतु सलग तीन संख्यांच्या बेरजेचे कारण तपासताना त्या सहवासातील कोणतीही गोष्ट गुणांत उतरता कामा नये.

चौथे कारण आपल्या समाजाला विशेष जवळचे आहे. रेमा हॅना आणि ली लिंडेन या संशोधकांनी भारतात एक प्रयोग केला. मुलांची परीक्षा घेऊन त्यांच्या उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठांवर जातीची ओळख यदृच्छेने, म्हणजे सोडत काढावी तशी, नोंदवली आणि त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, खालची मानली गेलेली जात नोंदवलेल्या उत्तरपत्रिकांना सरासरीने थोडे कमी गुण मिळाले. फरक लहान होता, प्रमाण विचलनाच्या काही शतांश भागांएवढा; पण लेखनाचा दर्जा तोच असताना तो पडला. विशेष म्हणजे हा कल स्वतः त्याच समाजगटांतून आलेल्या शिक्षकांतही दिसला, आणि तपासणीच्या सुरुवातीला, निकष मनात अजून स्थिर झालेले नसताना, तो अधिक होता. दुसऱ्याकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटत नाही, हे यावरून स्पष्ट होते. निकष अनिश्चित असले की ती पोकळी पूर्वग्रह भरून काढतो, मग तपासणारा कोणीही असो.

याला जोडूनच भाषेचा मुद्दा येतो. निवासी शाळेत निरनिराळ्या जिल्ह्यांतून, निरनिराळ्या बोली बोलणारी मुले येतात. वर दिलेल्या तिसऱ्या उत्तरात 'संख्या' हा शब्दही नाही, 'आकडा' आहे. पाठ्यपुस्तकी शब्द नाहीत म्हणून विचार नाही, असे मानले, तर आपण गणिताऐवजी प्रमाणभाषेची परीक्षा घेतली, असा त्याचा अर्थ होईल.

एकमत मोजायचे कसे?

विश्वसनीयता ही केवळ भावनेची गोष्ट नाही. ती मोजता येते. समजा, दोन शिक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता ५० उत्तरे वाचली आणि प्रत्येक उत्तरातील कारण 'पुरेसे' की 'अपुरे' एवढेच ठरवले. दोघांनीही 'पुरेसे' म्हटलेली उत्तरे २०, दोघांनीही 'अपुरे' म्हटलेली १५, फक्त पहिल्या शिक्षकाने 'पुरेसे' म्हटलेली १० आणि फक्त दुसऱ्याने म्हटलेली ५. म्हणजे ३५ उत्तरांवर, अर्थात ७० टक्के ठिकाणी, एकमत झाले. आकडा समाधानकारक वाटतो.

पण उत्तर न वाचता दोघांनी नुसते अंदाजाने शेरे मारले असते, तरी काही ठिकाणी एकमत झालेच असते. पहिल्या शिक्षकाने ६० टक्के आणि दुसऱ्याने ५० टक्के उत्तरांना 'पुरेसे' म्हटले आहे. त्यामुळे योगायोगाने दोघांचेही 'पुरेसे' येण्याची शक्यता ०.६ × ०.५ = ०.३० आणि दोघांचेही 'अपुरे' येण्याची ०.४ × ०.५ = ०.२०. एकूण ०.५०, म्हणजे निम्मे एकमत नुसत्या योगायोगाचे. जेकब कोहेन यांनी १९६० साली सुचवलेला 'कप्पा' हा निर्देशांक हा योगायोग वजा करतो : (०.७० − ०.५०) ÷ (१ − ०.५०) = ०.४०. पूर्ण एकमताला कप्पा १ येतो, निव्वळ योगायोगाला ०. रिचर्ड लँडिस आणि गॅरी कॉक यांनी १९७७ साली दिलेल्या आणि आजही सर्रास वापरल्या जाणाऱ्या श्रेणीनुसार ०.६१ ते ०.८० हे भरीव एकमत मानतात आणि ०.४० पर्यंतचे बेताचे. म्हणजे ७० टक्के एकमत असूनही हे दोन शिक्षक वास्तविक एकाच गोष्टीला गुण देत नव्हते. अनेक पातळ्यांच्या गुणांसाठी कोहेन यांनीच १९६८ साली भारित कप्पा सुचवला. त्यात एका गुणाचा फरक आणि तीन गुणांचा फरक यांना वेगवेगळे वजन मिळते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पुष्कळदा दोन परीक्षकांच्या गुणांतील सहसंबंध काढून तो उच्च आला की विश्वसनीयता सिद्ध झाली, असे मानतात. परंतु एका शिक्षकाने चार मुलांना २, ३, ४, ५ आणि दुसऱ्याने त्याच मुलांना ४, ५, ६, ७ गुण दिले, तर सहसंबंध परिपूर्ण, म्हणजे १ येतो. आणि तरीही प्रत्येक मुलाच्या गुणांत दोनचा फरक असतो. दोन तुकड्यांच्या उत्तरपत्रिका दोन वेगळ्या शिक्षकांकडे गेल्या, तर कडक शिक्षकांकडे गेलेल्या संपूर्ण तुकडीचे नुकसान होईल आणि सहसंबंधाचा आकडा त्याविषयी काहीही सांगणार नाही.

व्हर्मांटचा अनुभव

उच्चस्तरीय विचार मोजण्याचा एक मोठा आणि प्रामाणिक प्रयत्न अमेरिकेतील व्हर्मांट या छोट्या राज्यात १९९० नंतरच्या काही वर्षांत झाला. इयत्ता चौथी आणि आठवीच्या विद्यार्थ्यांनी वर्षभरात सोडवलेल्या उदाहरणांतील उत्तम कामांचा संचय करायचा आणि शिक्षकांनी त्याला गुण द्यायचे, अशी ती योजना होती. गणितासाठी सात निकष होते : चार उदाहरण सोडवण्याच्या कौशल्याविषयी आणि तीन गणिती संवादाविषयी. प्रत्येक निकषाला चार पातळ्या होत्या.

रँड या संशोधनसंस्थेतर्फे डॅनियल कोरेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ सालच्या गुणांचा अभ्यास केला. तेव्हा निरनिराळ्या परीक्षकांच्या गुणांतील मेळ फारच कमी आढळला. त्यांवरून शाळाशाळांची तुलना करणे योग्य होणार नव्हते. प्रत्येक मुलाची उदाहरणे वेगळी होती, निकष गुंतागुंतीचे होते आणि परीक्षकांचे प्रशिक्षण पुरेसे नव्हते. पुढच्या वर्षी गणितातील विश्वसनीयता लक्षणीय सुधारली. दुसरीकडे, या योजनेमुळे शिक्षक वर्गात उदाहरण सोडवण्याच्या विचारप्रक्रियेकडे अधिक लक्ष देऊ लागले, असेही त्याच अभ्यासांत दिसून आले.

व्हर्मांटपासून आपण दोन गोष्टी घ्याव्यात, असे आम्हांस वाटते. चांगला हेतू आणि चांगला प्रश्न यांनी गुण विश्वसनीय होत नाहीत, त्यासाठी स्वतंत्र परिश्रम लागतात, ही पहिली. आणि ते परिश्रम घेतले तर सुधारणा होते, ही दुसरी.

शाळेच्या पातळीवर काय करता येईल?

बोर्डाच्या परीक्षेत यासाठी काही व्यवस्था आहे. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी आसनक्रमांक असतो, आदर्श उत्तरे पुरवली जातात, परीक्षकाने तपासलेल्या काही उत्तरपत्रिका नियामक पुन्हा पाहतात. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये, जिचे यजमानपद १९९६ साली मुंबईने भूषविले होते, सहा प्रश्नांना प्रत्येकी सात गुण असतात. एका प्रश्नाची गुणदान योजना आधी ठरते, त्या प्रश्नाची सर्व देशांची उत्तरे त्याच प्रश्नासाठी नेमलेले समन्वयक पाहतात आणि संबंधित देशाच्या संघप्रमुखाशी चर्चा करून गुण निश्चित करतात. एवढी यंत्रणा शाळेला शक्य नाही. पण तिच्यातील तत्त्वे उचलता येतात.

पहिली पायरी म्हणजे गुणदानाचे निकष प्रश्नाबरोबरच लिहिणे. वरील प्रश्नासाठी ते असे असू शकतील. (अ) 'नेहमी' या दाव्याचे कारण, २ गुण : कारण सर्व संख्यांना लागू पडत असेल तर २, मग ते बीजगणिताने, शब्दांनी किंवा आकृतीने दिलेले असो, सर्वसाधारण मांडणी केली पण तीत चूक राहिली तर १, केवळ उदाहरणे असतील तर ०. (आ) दुसऱ्या दाव्याचे खंडन, १ गुण : प्रतिउदाहरण किंवा सर्वसाधारण कारण. (इ) दोन्ही निष्कर्ष बरोबर आणि स्पष्ट, १ गुण.

या निकषांनुसार पहिल्या विद्यार्थ्याला ० + १ + १ = २, दुसऱ्या विद्यार्थिनीला ४ आणि चौथ्या विद्यार्थिनीला १ + १ + ० = २ गुण मिळतील. तिसऱ्या विद्यार्थ्याच्या पहिल्या भागाला पूर्ण २ गुण मिळतील, निष्कर्षांचा १ गुणही मिळेल. 'चारांत मधला आकडा नाही' एवढ्यावर खंडनाचा गुण द्यावा की त्यासोबत एक उदाहरण हवे, हा खरा मतभेदाचा मुद्दा आहे. आमच्या मते येथे कोणता निर्णय घेतला, याहून तो सर्वांसाठी एकच घेतला आणि लिहून ठेवला, हे अधिक महत्त्वाचे.

दुसरी पायरी म्हणजे नमुना उत्तरांची निवड. तपासणी सुरू करण्यापूर्वी दहा-बारा उत्तरे सर्व गणितशिक्षकांनी वेगवेगळी तपासावीत, मग एकत्र बसून जेथे फरक पडला तेवढ्याच उत्तरांवर चर्चा करावी आणि प्रत्येक पातळीचे एकेक उत्तर नमुना म्हणून समोर ठेवावे. चर्चेनंतर नवीन उत्तरांवर कप्पा पुन्हा काढावा. तो वाढला नसेल, तर निकषांची भाषा बदलण्याची गरज आहे, असे समजावे.

तिसरी पायरी म्हणजे नाव झाकणे. मुखपृष्ठ दुमडून किंवा क्रमांक देऊन हे करता येते. लहान शाळेत शिक्षक अक्षर ओळखतात, ही अडचण खरी आहे; म्हणूनच काही उत्तरपत्रिका दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकांनी तपासणे इष्ट.

चौथी पायरी म्हणजे एका वेळी एकच प्रश्न तपासणे. एका मुलाची संपूर्ण उत्तरपत्रिका तपासून मग दुसरी घेण्याऐवजी सर्व मुलांचा पहिला प्रश्न, मग गठ्ठ्याचा क्रम बदलून सर्वांचा दुसरा प्रश्न, असे तपासावे. त्यामुळे निकष मनात ताजे राहतात, एका उत्तराची छाया त्याच मुलाच्या पुढच्या उत्तरावर पडत नाही आणि प्रत्येक वेळी तेच मूल शेवटी येत नाही.

पाचवी पायरी म्हणजे गुणांची फोड जपून ठेवणे. वरच्या उदाहरणात पहिल्या विद्यार्थ्याला आणि चौथ्या विद्यार्थिनीला दोनच गुण आहेत. पण त्यांच्या गरजा अगदी वेगळ्या आहेत. त्याला उदाहरण आणि सिद्धता यांतील भेद शिकवायचा आहे. तिला तो भेद आधीच कळला आहे. एखादे उदाहरण घेऊन आपले उत्तर पडताळून पाहण्याची सवय तिला लावायची आहे. १ + २ + ३ = ६ एवढे तपासले असते, तरी तिची चूक तिलाच सापडली असती. नुसता '२' हा अंक या दोघांविषयी काहीच सांगत नाही.

विश्वसनीयतेची मर्यादा

विश्वसनीयतेचा आग्रह धरताना एक मोह टाळला पाहिजे. सर्वांत विश्वसनीय गुण बहुपर्यायी प्रश्नांना मिळतात; यंत्राने तपासले तर फरक शून्य. म्हणून सगळे प्रश्न तसेच करावेत, असे कोणी म्हणेल. अशा प्रश्नांतूनही बरेच काही तपासता येते. पण मुलाने स्वतः कारण उभे करण्याची क्षमता त्यांतून दिसत नाही. जे मोजायचे तेच मोजले जाणे, हिला सप्रमाणता म्हणतात, आणि विश्वसनीयता ही तिची पूर्वअट असली, तरी तिचा पर्याय नव्हे. वजनकाटा दर वेळी तेच वजन दाखवील. उंची विचारली तर त्याचा उपयोग नाही.

दुसरी मर्यादा प्रश्नांच्या संख्येची. रिचर्ड शॅव्हेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात विज्ञान आणि गणितातील कृतिप्रधान परीक्षांचा अभ्यास केला. त्यांत असे दिसले की, प्रशिक्षित परीक्षकांतील फरकापेक्षा प्रश्न बदलल्यामुळे पडणारा फरक मोठा असतो. एका उदाहरणात चमकलेले मूल दुसऱ्यात अडखळते. म्हणून एका 'आव्हानात्मक' प्रश्नावरून कोणाला हुशार किंवा मंद ठरवू नये. वर्षभरात निरनिराळ्या घटकांवरील असे अनेक प्रश्न द्यावेत आणि त्यांचा एकत्रित विचार करावा. निवासी शाळेला हे तुलनेने सुलभ आहे, कारण मूल दिवसभर शाळेतच असते आणि आठवड्याला एक असा प्रश्न अभ्यासिकेच्या वेळी सहज देता येतो.

पालक आणि माजी विद्यार्थी यांस

पालकसभेत सहसा 'किती गुण मिळाले?' एवढेच विचारले जाते. आमची विनंती आहे की, त्याबरोबर 'कशासाठी मिळाले आणि कशासाठी गेले?' हेही विचारावे. ते विचारण्यासाठी पालकांना गणित येण्याची गरज नाही. निकष लिहिलेले असतील, तर शिक्षकांना दोन वाक्यांत उत्तर देता आले पाहिजे, आणि मुलालाही ते आपल्या शब्दांत सांगता आले पाहिजे. तपासलेली उत्तरपत्रिका पाहायला मागणे हा शिक्षकांवरील अविश्वास नव्हे. शाळेने त्याचे स्वागतच करावे.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज अध्यापन, अभियांत्रिकी, बँका, लेखापरीक्षण अशा क्षेत्रांत आहेत. वर्षातून एकदा, दहा-बारा नावे झाकलेली उत्तरे घरबसल्या तपासून देणे त्यांना अशक्य नाही. शाळेबाहेरच्या व्यक्तीने, मुलाला न ओळखता, त्याच निकषांनी दिलेले गुण आणि वर्गशिक्षकांनी दिलेले गुण यांची तुलना झाली, तर निकष कोठे सैल आहेत, ते लगेच दिसेल. देणगीइतकेच हे साहाय्य मोलाचे ठरेल.

आणि ज्या मुलांनी 'मधल्याची तिप्पट' अशी उत्तरे आपल्या घरच्या भाषेत लिहिली आहेत, त्यांच्या उत्तरपत्रिका तपासताना आपण घाई करू नये. त्या उत्तराला चारपैकी एक गुण मिळाला, तर ते मूल पुढच्या वेळी विचार करण्याऐवजी पाठ केलेली रीत लिहील. तीन किंवा चार मिळाले, तर ते पुन्हा विचार करील. पुढच्या सत्रात गणिताच्या सर्व शिक्षकांनी निदान एक प्रश्न निकषांसह निवडावा, दहा उत्तरे वेगवेगळी तपासावीत आणि एकमताचा आकडा काढून तो फलकावर लिहावा. तेवढ्यापासून सुरुवात करता येईल.